हातांमधली जागा

चित्रकार मेला की आमच्या ड्रॉइंगच्या सरांचा त्याच्याशी संबंध संपायचा. वर्गात येऊन ते सांगायचे, "हे गेले." मग पत्र्याच्या पेटीतून त्या चित्रकाराचं छापील चित्र काढायचे, आम्हाला एकदा शेवटचं दाखवायचे आणि स्वतः जाऊन इतिहासाच्या मास्तरांच्या टेबलावर ठेवून यायचे. "आता हे तुमचे," एवढंच म्हणायचे. इतिहासाच्या मास्तरांना चित्रांत काडीचा रस नव्हता. तरी त्यांचा एक खण अशा गेलेल्या चित्रकारांनी भरून गेला होता, आणि ते बिचारे कधी नाही म्हणाले नाहीत.

सरांचा नेमच होता तसा. शिकवायचं ते जिवंत चित्रकाराचं. मुंबईत, बडोद्यात, कलकत्त्यात आज या घटकेला जो हातात ब्रश धरून बसला असेल, त्याचं. बाकीच्या शाळांतली मुलं फुलदाणी काढत, कोयऱ्या काढत, झोपडी आणि तिच्यामागे सूर्य काढत. आम्ही कोणा हयात माणसाची रेघ गिरवत बसलेलो असायचो. कारण विचारलं तर सर म्हणायचे, "मेलेल्याला कार्ड टाकता येते का? सांग ना. नाही येत ना? मग शंका आली तर विचारायची कोणाला?"

आणि खरंच कार्ड जायचं. साप्ताहिकातून, दिवाळी अंकातून, नाहीतर कुठल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतून कापलेलं एक चित्र पंधरा दिवस फळ्याशेजारी टाचलेलं असे. तेवढ्या मुदतीत वर्गानं त्यावर एक प्रश्न काढायचा. "हे काय आहे" हा प्रश्न चालत नसे. "हे कसं केलं" असा हवा. ब्रशनं की सुरीनं? रंग ओला असताना की वाळल्यावर? प्रश्न पसंत पडला की सर तो पोस्टकार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून चित्रकाराला धाडत. बहुतेक कार्डं कुठे गडप होत, देव जाणे. वर्षात दोन उत्तरं आली तरी सर ती वर्गावर्गांत वाचून दाखवत फिरायचे. एका चित्रकारानं कळवलं, की तुमच्या प्रश्नावरून असं दिसतं, की आपण माझं चित्र उलटं लावलेलं आहे. सरांनी टाचण्या काढल्या, चित्र फिरवलं, लांब जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. असं पण चांगलंच आहे."

ते राहायचे दीक्षितपुऱ्यात, एका खोलीत, एकटे. लग्न केलं नव्हतं की बायको गेली होती, हे आम्हाला कळलं नाही आणि विचारायची छाती कोणाची नव्हती. तिथून शाळा चांगली लांब. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. कॅरियरवर ती चित्रांची पेटी बांधलेली असे. वर बसलं की पेटी हादरते आणि कागदांचे कोपरे दुमडतात, म्हणून सर सायकल हातात धरून पायी यायचे. शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे शाळेत हिंदी घरांतली मुलंही होती. ती त्यांना मास्साब म्हणत. रस्त्यात कोणी हटकून विचारायचंच, "मास्साब, पंक्चर हो गई क्या?" सर रोज तितक्याच शांतपणे सांगायचे, "नहीं भैया, सवारी बैठी है."

रंगांच्या बाबतीत आमच्या शाळेची परिस्थिती बेताचीच होती. सर त्यावर कधी कुरकुरले नाहीत. काळा हवा तर काजळी धरून आणा, तांबडा हवा तर गेरू खला, निळ्याला कपड्यांची नीळ आहेच. काजळी डिंकाच्या पाण्यात घोटायची, बोरूनं रेघ ओढायची, दाढीच्या जुन्या पात्यानं खरवडायची. आमच्या आया वैतागून गेल्या होत्या. माझी आई तर म्हणायची, "शाळेत शिकायला जाते का चुली पुसायला?" पण हयात चित्रकारानं रंग खरवडला कसा, हे स्वतः खरवडल्याशिवाय समजत नाही, असं सरांचं म्हणणं. ते खरंच होतं, हे सांगायला मला आज काही संकोच वाटत नाही.

वर्गात फिरताना त्यांचे हात पाठीमागे असत, एकमेकांत घट्ट अडकवलेले. मुलांच्या कागदाला ते बोट लावत नसत. चूक दाखवायची तर हनुवटीनं दाखवत. "सर, एवढं नाक करून द्या ना," असं कितीही गयावया केलं तरी फळ्यावर दहा नाकं काढून देतील, कागदावर एक ठिपका देणार नाहीत. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मास्तरांनी त्यांच्या चित्रावर हात फिरवला होता आणि त्या चित्राला बक्षीस मिळालं होतं. "आजपर्यंत समजलं नाही मला, बक्षीस कोणत्या रेघेला होतं ते," सर सांगायचे. "पोराच्या कागदावर मास्तरचा हात म्हणजे चोरी आहे. चुपचाप केलेली चोरी." शहरातल्या स्पर्धांमध्ये आमच्या शाळेची मुलं पुढे असायची, तेव्हा दुसऱ्या शाळांचे मास्तर आपसात कुजबुजायचे. सर भर सभागृहात उभे राहून म्हणाले होते, "माझ्या एका पोराच्या कागदावर माझा डाग दाखवा. उद्या नोकरी सोडतो."

आमचं घर लष्करी फॅक्टरीच्या क्वार्टरांत होतं. बाबा तिथे माल तपासायच्या कामावर. कसला माल, ते मला ठाऊक नव्हतं, आईलाही नव्हतं. शेजारणींनाही आपापल्या नवऱ्यांचं ठाऊक नव्हतं. सगळ्या घरांत तो एकच शब्द. आज माल जास्त होता, माल पास झाला, माल परत आला. लहान पोरसुद्धा पुढचं काही विचारत नसे. आमच्याकडे कोणी नवा पाहुणा येऊन सहज म्हणाला, की "तुमच्या फॅक्टरीत काय काय बनतं हो?" तर आई पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवायची आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करायची.

एकाहत्तर साल होतं, मी दहावीत होते. लढाई अजून लागली नव्हती, पण लागणार हे फॅक्टरीवाल्या घरांना वर्तमानपत्राच्या आधी कळायचं, कारण ओव्हरटाइम वाढायचा. बाबा बारा-बारा तास उभे राहून घरी यायचे. शाळेच्या काचांवर काळे कागद चिकटवायचा हुकूम आला. सगळ्यांनी चिकटवले. सरांनीही आपल्या वर्गाचे निमूटपणे चिकटवले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला घेऊन आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. हेडमास्तर जरा रागावले, तेव्हा म्हणाले, "उजेडच नाही तर मी काय शिकवू, सांगा बरं."

त्याच सुमारास एका चित्रकाराचं उत्तर आलं. त्याचं चित्र शाईतलं होतं. एक बाई, तिच्या काखेत घागर. आम्ही विचारलं होतं, की घागरीचा पांढरा रंग कोणता वापरला? त्यानं दोन ओळींत लिहिलं होतं, की घागर मी काढलीच नाही, तिच्या भोवतालचं सगळं तेवढं काढलं. आम्ही चित्राशी नाक लावून पाहिलं. खरंच तिथे कोरा कागद होता. बाईचा वळलेला हात, कंबर आणि पाठीमागचं काळं, या तिन्हींच्या मध्ये घागर आपसूक उभी राहिली होती.

सर त्या कार्डानं वेडेच झाले. त्यांनी कडुनिंबाखाली खुर्ची आणून ठेवली. "खुर्ची नाही काढायची. खुर्चीच्या पायांमधून भिंत दिसून राहिली ना, ती काढा." आम्ही एकमेकांची तोंडं पाहू लागलो. एक मुलगा म्हणाला, "मास्साब, भिंत तो सफेद है, उसमें क्या बनाएँ?" सर म्हणाले, "तोच तर धडा आहे बेटा." आठ दिवस आम्ही भिंतीचे तुकडे काढले. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या कागदावर एकाएकी खुर्ची दिसली. मी तिची एकही रेघ काढली नव्हती, तरी ती तिथे होती. तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही आणि आयुष्यात पुन्हा तसा झालाही नाही.

मग सरांनी घरचा अभ्यास दिला. घरात कोणाचेही हात काढायचे, काहीतरी धरलेले. धरलेली वस्तू काढायची नाही, भोवतालचं काढायचं. आणि एक अट, चित्र खऱ्या मापाचं हवं. जेवढा हात तेवढाच कागदावर, पट्टी लावून पडताळलेला. "लहान केलं की माणूस खोटं बोलायला लागतो," असं त्यांचं मत.

आमच्या घरात न हलणारा माणूस एकच. रविवारी दुपारी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत उन्हाला पाय करून झोपलेले बाबा. त्यांच्या हातांत काही नव्हतं, पण हात रिकाम्या माणसासारखे सैल पडलेलेही नव्हते. डावा पोटावर, बोटं आत वळलेली. उजवा त्याच्यावर, जरा अंतर ठेवून, अंगठा उचललेला. बरेच दिवस ते तसेच झोपत. आईला वाटायचं संधिवात आहे. ती त्यांना म्हणायचीही, "असे आखडून काहून ठेवता? तेल लावून देऊ का?" मी सरांना विचारलं, की बाबांच्या हातात काहीच नाही, चालेल का? सर म्हणाले, "काम करणाऱ्याचा हात रिकामा पाहिला का तू कधी? चालते, काढ."

दोन रविवार मी त्यांच्या पायाशी बसून काढलं. पट्टीनं बोटाबोटांतलं अंतर मोजलं, एकदा त्यांना जागही आली, तर माझ्याकडे पाहून हसले आणि पुन्हा झोपले. भोवताली काजळीचा दाट काळा भरला. हात काळ्यात अर्धे बुडलेले, आणि दोन्ही हातांच्या मध्ये कोरा कागद. खाली रुंद, मग एक पायरी, वर निमुळती मान, टोकाला किंचित फुगवटा. ते काय आहे, मला ठाऊक नव्हतं. दिसायला सुरेख दिसत होतं, एवढंच.

सरांपुढे कागद ठेवला तेव्हा ते कितीतरी वेळ हात मागे बांधून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आलेले मला स्पष्ट दिसले. "याला आता हात लावू नको," ते म्हणाले. "झालं हे."

शाळेच्या स्नेहसंमेलनात चित्रांचं प्रदर्शन होतं. माझं चित्र दारासमोरच्या भिंतीवर, मधोमध. पाहुणे म्हणून फॅक्टरीचे एक मोठे साहेब आले होते, आणि त्यांच्याबरोबर तिथल्या सुरक्षेचे अधिकारी. पलटणीत नोकरी केलेला ताठ माणूस. मोठे साहेब वाहवा करत पुढे गेले. हे मात्र माझ्या चित्रापुढे थांबले. जवळ गेले, मागे आले. खिशातून पेन काढून त्यांनी मधल्या कोऱ्या जागेला आडवं लावून पाहिलं, मग उभं लावून पाहिलं.

"यह किसने बनाया?"

"मैंने, सर!" मी पुढे झाले. केवढ्या ऐटीत झाले, ते आठवलं की अजून अंगावर शहारा येतो.

"किसके हाथ हैं?"

"मेरे बाबा के." आणि त्यांनी विचारायच्या आधीच मी बाबांचं नाव सांगितलं, सेक्शन सांगितला. त्यांनी भिंतीवरून चित्र उतरवलं, गुंडाळी केली आणि काखेत घालून निघून गेले. मला वाटलं, साहेबांना फार आवडलं.

सोमवारी बाबांना फॅक्टरीच्या गेटवरून आत सोडलं नाही. त्यांचा पास काढून घेतला आणि दोन दिवस एका खोलीत बसवून ठेवलं. चित्रातली ती कोरी जागा म्हणजे फॅक्टरीतला नवा माल होता. त्याचा आकार फॅक्टरीबाहेर कोणी पाहिलेला नव्हता, आणि तो खऱ्या मापात, पायरीसकट, शाळेच्या भिंतीवर टांगलेला सापडला होता. मंगळवारी दोन माणसं घरी आली. त्यांनी ट्रंका उपसल्या, गाद्या उसवल्या, माझ्या वह्यांचं पान न् पान चाळलं. आई देवाजवळ बसून राहिली. शेजारच्या काकू, ज्या एरवी दिवसातून चारदा वाटी घेऊन यायच्या, त्यांचं दार बंद होतं. त्यांना तरी काय बोल लावणार, त्यांचाही नवरा तिथेच होता.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा मला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी फक्त विचारलं, "तुला कोणी दाखवलं?"

"कोणीच नाही. तुमचे हात पाहून काढलं."

"माझे हात?"

मी त्यांना करून दाखवलं. डावा असा, उजवा असा, अंगठा वर. दिवसातून हजार वेळा ते तो तुकडा डाव्या हातात धरत आणि उजव्यानं मापाचा गेज लावत. हातांनी झोपेतही तुकडा सोडला नव्हता. बाबा माझ्या हातांकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "हे खरं सांगितलं तर कोण मानेल?" ते म्हणाले. "आणि मानलं तर अजूनच वाईट. मग म्हणतील, याचे हातच बोलतात." माझा बाप घाबरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. नोकरी तर जाणारच होती, पण लढाईच्या दिवसांत अशा गोष्टीला तुरुंगही होता.

बातमी शाळेपर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सर आमच्या घरी आले, सायकल हातात धरूनच. व्हरांड्यात बाबांशी अर्धा तास हळू आवाजात बोलले. मला आत चहा करायला पाठवलं. मी चहा घेऊन बाहेर आले तर सर निघाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

गुरुवारी हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. ते अधिकारी, हेडमास्तर, बाबा, सर आणि मी. टेबलावर माझं चित्र, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवून पसरलेलं. अधिकारी मला काही विचारणार, तोच सर उठले.

"इस बच्ची से मत पूछिए. हाथ इसने बनाए हैं. बीच का मैंने बनाया."

"मतलब?"

"बीच की जगह इसने टेढ़ी-मेढ़ी छोड़ दी थी. प्रदर्शनी में बीच में लगाना था, तो मैंने काला भर के आकार ठीक कर दिया." मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. पितळेची जुनी गुलाबदाणी. खाली रुंद, वर मान, टोकाला फुगवटा. "यह सामने रख के बनाया. पायरी जैसी जो दिखती है, वह मेरी गलती. हाथ अब पहले जैसा नहीं रहा."

अधिकाऱ्यांनी गुलाबदाणी चित्रावर आडवी ठेवली, फिरवली, माप घेतलं. थोडं जुळत होतं, थोडं नाही. "मास्टरजी, आप तो कहते फिरते हैं कि बच्चों के काग़ज़ को हाथ नहीं लगाते?"

"कहता हूँ," सर म्हणाले. "लगाता हूँ."

मी ओरडले. "खोटं आहे! मी काढलं ते, सगळं मी काढलं! सर, तुम्ही खोटं काहून बोलून राहिले?"

"चूप!" बाबा म्हणाले. त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला, की बोटांचे वळ उठले. जन्मात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीच्या काळ्या कागदाकडे पाहत होते. अधिकाऱ्यांनी चित्र त्यांच्यापुढे सरकवलं आणि सांगितलं, की आपण बनवलं असेल तर इथे सही करा. सरांनी पेन मागितलं. माझ्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, काळ्याच्या कडेला, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. पोस्टकार्डावरचंच सुवाच्य अक्षर. अधिकाऱ्यांनी गुंडाळी करून चित्र फायलीत घातलं. ते मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाबांचा पास परत मिळाला. सरांना शाळेच्या मंडळानं राजीनामा द्यायला सांगितलं. फॅक्टरीच्या भानगडीचा त्यात उल्लेखही नव्हता. विद्यार्थ्यांच्या नावावर स्वतःची चित्रं खपवली, हे कारण. गावभर झालं. दुसऱ्या शाळांच्या मास्तरांनी टाळ्या दिल्या, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" ज्या मुलांना पूर्वी बक्षिसं मिळाली होती त्यांच्याकडेही लोक संशयानं बघू लागले. आमच्या वर्गातल्या मुली मला विचारायच्या, "तुझं चित्र सरांचं होतं म्हणे?" मी हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. पंधरा वर्षांची होते आणि मुळात तापट. मला एवढंच समजत होतं, की माझ्या हातून एकदाच काहीतरी चांगलं झालं होतं आणि ते सरांनी सर्वांदेखत आपल्या नावावर करून घेतलं. पेन्सिली, बोरू, काजळीची डबी मी माळ्यावर टाकून दिली.

मी काही दूधखुळी नव्हते. वीस-बावीस वर्षांची झाले तेव्हा बसून विचार केला असता तर सगळं उलगडलं असतं. पण मनात अढी बसली होती आणि ती मी जपली, हे मला कबूल केलं पाहिजे. बाबाही काही बोलले नाहीत. फॅक्टरीत असेपर्यंत त्या विषयाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. त्या प्रकरणानंतर ते खुर्चीत झोपताना हात काखेत दाबून झोपत, थंडी असो की उन्हाळा. ते पाहूनसुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही.

ते सेवानिवृत्त झाले त्या दिवशी घरी हारतुऱ्यांचा पसारा पडला होता. मी तेव्हा शहरातल्याच नेपियर टाउनमध्ये एका सरकारी ऑफिसात नोकरीला होते. बाबांनी मला जवळ बसवलं. "आता सांगतो," ते म्हणाले. "त्या माणसानं आपलं घर वाचवलं. घरी येऊन मला म्हणाला, मी माझ्या अंगावर घेतो, फक्त पोरीला सांगू नका, ती खरं बोलून टाकेल. मी म्हटलं, पण कशाचा आकार म्हणून सांगाल? तर म्हणे, शोधतो. माल कसा असतो हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. नुसतं तुझं चित्र डोळ्यांपुढे आणून सगळा भांड्यांचा बाजार पालथा घातला, तेव्हा ती गुलाबदाणी मिळाली." मग म्हणाले, "जाऊन ये एकदा. माझ्यानं जाववलं नाही इतकी वर्षं, तोंड नव्हतं. तू जा. माझ्याकडूनही आभार मान."

मी रविवारी दुपारी दीक्षितपुऱ्यात गेले. खोली तीच होती. सर म्हातारे झाले होते, पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवत होते. दाराशी कुठल्याशा दवाखान्याची पाटी वाळत ठेवलेली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. इतका आनंद झाला त्यांना, की पाट उचलून देऊ की स्टूल, हे त्यांना सुचेना. शेजारच्या मुलीला हाक मारून चहा सांगितला. बाबांची चौकशी केली, आईची केली. पेन्शन सुरळीत झाली ऐकून, "चलो, बरं झालं, बरं झालं," असं दोनदा म्हणाले. मी आभाराचे शब्द मनात जुळवत होते. वाक्य तयारही झालं होतं.

तेवढ्यात त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता सांग. सध्या काय काढून राहिली तू?"

इतकं सहज विचारलं, की मला खोटं सुचलं नाही. सुचायला हवं होतं. त्यांना माझ्यासाठी सुचलं होतं.

"काही नाही, सर," मी म्हणाले. "त्या दिवसापासून मी पेन्सिल हातात धरली नाही."

सुरुवातीला त्यांना समजलंच नाही. "म्हणजे मधे काही दिवस?"

"नाही. कधीच नाही." आणि मग मला थांबता येईना. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बाहेर आलं. "ते एकच चित्र होतं माझं, सर. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं, ते माझं नाही म्हणून. माझ्या हातात मग काय उरलं?"

चहा आला, तो तसाच राहिला. बाहेर गल्लीत मुलं गोट्या खेळत होती, त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. सर म्हणाले, "मी तुझ्या बापाकडे पाहून राहिलो होतो, पोरी. तू शेजारी उभी होती. तुझ्याकडे पाहिलंच नाही मी."

"सर, तसं नाही..."

"तसंच आहे. नोकरी गेली त्याचं मला एक दिवस वाईट वाटलं नाही. लोक चोर म्हणाले, म्हणू दे म्हटलं. मला वाटलं, चित्र काय, ही पोरगी अजून शंभर काढेल. मोठ्या खुशीत होतो मी." त्यांनी दोन्ही हात जोडले, माझ्यापुढे, आपल्या विद्यार्थिनीपुढे. "चूक झाली माझी. मला माफ कर."

मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली करायला हवे होते. बाबांचा निरोप सांगायला हवा होता. त्याऐवजी ऑफिसचं काहीतरी काम काढून मी उठले, वाकून नमस्कार केला आणि चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत जवळजवळ पळतच आले. परत जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरवलं होतं. आधी लाज आडवी आली, मग संसार आडवा आला. सर गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांना जाऊनही तीन महिने झाले होते.

मी आभार मानायला गेले होते. ते राहूनच गेले. माफी त्यांनी मागितली, आणि ती ऐकून घेऊन मी घरी आले.